वझिरिस्तानात डॉलर पोचले, पण कुणाच्या हातात?

एप्रिल २००८ मध्ये अमेरिकी संसदेसाठी सरकारी हिशेब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने (आपल्याकडे कॅग करतं तेच काम) एक अहवाल दिला. निकाल शीर्षकातच होता. पाकिस्तानच्या टोळीप्रदेशातला दहशतवाद्यांचा आसरा मोडून काढण्यासाठी अमेरिकेकडे सर्वंकष आराखडाच नाही, असं त्यात सरळ म्हटलं होतं. आतला आकडा त्याहून बोलका होता. २००२ ते २००७ या काळात या टापूसाठी आणि लगतच्या सीमाभागासाठी अमेरिकेने सुमारे ५८० कोटी डॉलर मोजले. त्यातले ९६ टक्के पाकिस्तानी लष्कराच्या मोहिमांचा खर्च भरून देण्यात गेले, ३ टक्के सीमा सुरक्षेवर. शाळा, रस्ते, दवाखाने, पाणी, रोजगार या सगळ्यासाठी मिळून उरला १ टक्का.

या १ टक्क्यावर तेव्हा बरंच लिहून आलं. बंदुकांऐवजी शाळांवर खर्च केला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं, असा त्याचा सूर. मला हे अर्धंच खरं वाटतं. कारण पुढच्या काही वर्षांत तो १ टक्का चांगला वाढवला गेला, रस्ते झाले, एक मोठं धरण पुरं झालं, आणि तरीही लोकांच्या हाती फारसं काही लागलं नाही. पैसा किती आणि कशावर, या प्रश्नांच्या आधी आणखी एक प्रश्न आहे. ज्यांच्या नावाने पैसा येतो त्यांना त्याचा जाब विचारता येतो का? इथे तो विचारता येत नव्हता, आणि तो विचारता येऊ नये अशी कायद्यातच सोय होती.

आधी मुलूख समजून घेऊ. 'अटकेपार झेंडे' म्हणताना आपण ज्या अटकेचं नाव घेतो, ते सिंधूच्या काठावर आहे. त्याच्या पश्चिमेला पेशावर आणि पेशावर मागे पडलं की खैबरचे डोंगर. तिथून अफगाण सीमेला चिकटून, उत्तरेला बाजौरपासून दक्षिणेला दक्षिण वझिरिस्तानपर्यंत जो चिंचोळा पट्टा जातो, तो म्हणजे तेव्हाचा 'फाटा', केंद्रशासित टोळीप्रदेश. बाजौर, मोहमंद, खैबर, ओरकझई, कुर्रम, उत्तर वझिरिस्तान आणि दक्षिण वझिरिस्तान अशा सात 'एजन्सी', शिवाय पायथ्याचे सहा लहान सरहद्दी टापू. क्षेत्रफळ सुमारे २७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या सातपटीहून थोडं जास्त. १९९८ च्या जनगणनेत लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास, २०१७ मध्ये ५० लाख. १९९८ मध्ये साक्षरता जेमतेम १७ टक्के होती आणि स्त्रियांमध्ये ती ३ टक्के होती.

पश्चिमेची सीमा म्हणजे १८९३ ची ड्युरंड रेषा. ती आखताना वझीर, मोहमंद अशा टोळ्यांच्या मधूनच गेली. अफगाणिस्तानातल्या कुठल्याही सरकारने ती मनापासून मान्य केलेली नाही. रेषेच्या अलीकडे राहणारे आफ्रिदी, मेहसूद, वझीर, तुरी हे सगळे पठाण असले तरी एकसारखे नाहीत. कुर्रममधले तुरी शिया आहेत, आणि तिथला शिया-सुन्नी रक्तपात आजही थांबलेला नाही.

या पट्ट्यावर राज्य कसं करायचं, हे इंग्रजांनी १९०१ मध्ये ठरवलं. 'फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन' नावाचा कायदा आला. नेहमीची न्यायालयं नाहीत. एजन्सीचा पोलिटिकल एजंट हाच कलेक्टर, हाच फौजदार, हाच न्यायाधीश. त्याच्या हाताखाली टोळीतलेच सशस्त्र खस्सादार (आपल्या लोकसभेतले खासदार वेगळे). टोळीचे मानकरी ते मलिक. त्यांना भत्ता मिळायचा, बदल्यात त्यांनी टोळीला आवर घालायचा. एकाने गुन्हा केला तर शिक्षा साऱ्या टोळीला: माणसं धरायची, शहरातली त्यांची दुकानं बंद करायची, माल जप्त करायचा, घरं पाडायची. तिकडचे लोक या कायद्याचं वर्णन तीन शब्दांत करायचे. ना अपील, ना वकील, ना दलील.

१९४७ मध्ये इंग्रज गेले, कायदा राहिला. पाकिस्तानच्या १९७३ च्या राज्यघटनेतल्या २४७ व्या कलमाने तर तो आणखी पक्का केला. राष्ट्राध्यक्षांनी सांगितल्याशिवाय संसदेचा कुठलाही कायदा इथे लागू नाही आणि उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय यांना इथल्या बाबतीत अधिकार नाही. सर्व प्रौढांना मताचा हक्क मिळाला तो १९९७ च्या निवडणुकीत. त्याआधी मत देत होते ते मलिक. मत मिळाल्यावरही गंमत बघा. इथून निवडून गेलेला सदस्य साऱ्या पाकिस्तानसाठी कायदे करण्यात भाग घेऊ शकत होता, फक्त त्याच्या स्वतःच्या मतदारसंघात ते लागू होत नव्हते. राजकीय पक्षांना इथे काम करायला २०११ पर्यंत बंदी होती. मशिदी आणि मदरशांना मात्र बंदी नव्हती, त्यामुळे लोकांना संघटित करण्याचा मार्ग कुणाला मोकळा होता हे वेगळं सांगायला नको. आणि पोलिटिकल एजंटच्या हातातल्या निधीचं लेखापरीक्षण व्हावं, ही साधी तरतूद यायलाही २०११ च उजाडावं लागलं.

परदेशी पैसा इथे पहिल्यांदा आला तो २००१ नंतर नव्हे. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या तेव्हा, १९८० च्या दशकात, अमेरिकेचा आणि सौदी अरेबियाचा पैसा, शस्त्रं आणि अरब स्वयंसेवक याच डोंगरांतून पलीकडे जात होते. सारं वाटप पाकिस्तानच्या आयएसआयच्या हातात होतं. त्या दहा वर्षांत मलिकापेक्षा बंदूकधारी कमांडर आणि मौलवी यांचं वजन वाढलं. २००१ च्या डिसेंबरमध्ये अफगाणिस्तानातल्या तोराबोराहून निसटलेले अल कायदाचे लोक सीमा ओलांडून इथे आले, तेव्हा त्यातल्या अनेकांना हा मुलूख परका नव्हता. काहींच्या तर सोयरिकी इथेच झालेल्या होत्या.

आता त्या ९६ टक्क्यांकडे वळू. ही रक्कम 'कोअ‍ॅलिशन सपोर्ट फंड' नावाच्या खात्यातून जायची. तांत्रिकदृष्ट्या ती मदत नव्हतीच. पाकिस्तानने अमेरिकेच्या लढाईला हातभार लावायचा, त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त जो खर्च होईल त्याचं बिल इस्लामाबादच्या अमेरिकी वकिलातीत द्यायचं, तिथून ते अमेरिकी लष्करी मुख्यालयामार्फत पेंटागॉनला जायचं आणि पैसे पाकिस्तानच्या तिजोरीत जमा व्हायचे. जवानांचं जेवण, इंधन, दारूगोळा, हेलिकॉप्टरची देखभाल, सगळं त्यात. दुष्काळी तालुक्यात टँकरच्या खेपा कागदावर किती आणि गावात आले किती, याची चौकशी लागल्यावर जे बाहेर येतं, तेच इथे बाहेर आलं. फरक एवढाच की रक्कम अब्जांत होती. जून २००८ च्या दुसऱ्या जीएओ अहवालात दिसलं की हवाई संरक्षणाच्या रडारसाठी २० कोटी डॉलरहून अधिक दिले गेले होते. अल कायदाकडे किंवा तालिबानकडे एकही लढाऊ विमान नव्हतं. रस्त्यांसाठी ३ कोटी आणि बंकरसाठी दीड कोटी डॉलर दिले होते, पण ते बांधले गेल्याचा पुरावा कुणी मागितलेला नव्हता.

त्याच काळात डोंगरातल्या चौक्या सांभाळत होता फ्रंटियर कोअरचा जवान. हे निमलष्करी दल. जवान स्थानिक पठाण, अधिकारी मात्र लष्करातून आलेले. बर्फात चपला घालून उभे असलेले, मोजून गोळ्या मिळणारे जवान आपण पाहिल्याचं अमेरिकी अधिकाऱ्यांनीच तेव्हा वृत्तपत्रांना सांगितलं. पैसा रडारला आणि पहारा चपलेवर.

अमेरिका हे का सहन करत होती? कारण अफगाणिस्तानला समुद्र नाही. तिथल्या अमेरिकी फौजांचा बहुतेक माल कराची बंदरात उतरून ट्रकने खैबर खिंडीतल्या तोरखमला किंवा बलुचिस्तानातल्या चमनला जायचा. बिलांवर फार कुरकुर केली तर ट्रक थांबतील ही भीती होती. आणि ती खोटी नव्हती, हे पुढे सिद्ध झालं.

आपल्याकडे ही सगळी गोष्ट 'पाकिस्तानने अमेरिकेला गंडवलं' एवढ्यावर मिटवली जाते. गंडवलं हे खरंच. पण पाकिस्तानी लष्कराचा स्वतःचा हिशेब समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. त्यांच्या लेखी मुख्य शत्रू पूर्वेला होता. अमेरिका एक दिवस निघून जाणार, मग काबूलमध्ये भारताला अनुकूल सरकार असू नये, म्हणून अफगाण तालिबान आणि उत्तर वझिरिस्तानातलं हक्कानी जाळं (तालिबानशीच जोडलेला सशस्त्र गट) यांना हात लावायचा नाही. पाकिस्तानवर उलटतील त्यांनाच तेवढं मारायचं. सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी अ‍ॅडमिरल मलन यांनी सिनेटच्या समितीपुढे उघडच सांगितलं, की हक्कानी जाळं आयएसआयचा हात असल्यासारखंच वागतं. म्हणजे बिल एका लढाईचं जायचं आणि लढाई दुसरीच चालायची.

मोहिमा झाल्या नाहीत असं नाही. मार्च २००४ मध्ये वाना शहराजवळ लष्कर उतरलं आणि अनपेक्षित मार खाल्ला. पुढच्याच महिन्यात शकई इथे नेक मुहम्मद या तरुण कमांडरबरोबर समझोता झाला. पेशावरच्या कोअर कमांडरने त्याच्या गळ्यात हार घातला. जूनमध्ये तोच नेक मुहम्मद क्षेपणास्त्राने मारला गेला. पाकिस्तानी लष्कराने सांगितलं, आम्ही मारलं. प्रत्यक्षात तो या टापूतला अमेरिकेचा पहिला ड्रोन हल्ला होता. २००५ मध्ये सरारोघाला बैतुल्लाह मेहसूदबरोबर, २००६ मध्ये उत्तर वझिरिस्तानात, असे समझोते होत राहिले.

या समझोत्यांनी जे नुकसान केलं ते कुठल्याही अहवालातल्या आकड्यात मावत नाही. इंग्रजांची व्यवस्था जुलमी होती, पण सरकार आणि टोळी यांच्यात बोलणी व्हायची ती मलिक आणि जिरगा (टोळीची पंचायत) यांच्यामार्फत. आता लष्कराने मलिकाला आणि पोलिटिकल एजंटला बाजूला सारून थेट बंदूकवाल्याशी करार केला. गावाने त्याचा अर्थ बरोबर ओळखला. यापुढे मान कुणाला द्यायचा, हे ठरून गेलं. त्यानंतरच्या वर्षांत शेकडो मलिक हेर ठरवून मारले गेले. डिसेंबर २००७ मध्ये वेगवेगळ्या गटांनी मिळून 'तेहरीक-ए-तालिबान पाकिस्तान' (टीटीपी) उभी केली, प्रमुख बैतुल्लाह मेहसूद. जुनी व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी ना न्यायालय आलं, ना पोलीस ठाणं, ना निवडलेली पंचायत.

अशा पोकळीत विकासाचा पैसा आला. पाकिस्तानने या टापूसाठी नऊ वर्षांचा शाश्वत विकास आराखडा केला होता, त्याला जोड म्हणून अमेरिकेने २००७ मध्ये पाच वर्षांसाठी ७५ कोटी डॉलर जाहीर केले. मग २००९ मध्ये केरी-लुगार-बर्मन कायदा झाला. साऱ्या पाकिस्तानसाठी पाच वर्षांत ७५० कोटी डॉलरची बिगरलष्करी मदत. त्यात लष्करावर मुलकी सरकारचं नियंत्रण असावं, अशा अर्थाची कलमं होती. त्यावरून पाकिस्तानी सेनापतींनी जाहीर नाराजी व्यक्त केली. सीमाभागातल्या कारखान्यांचा माल अमेरिकेत बिनशुल्क जावा, असं एक विधेयकही तेव्हा चर्चेत होतं. माझ्या मते सगळ्यात कामाची कल्पना तीच, कारण तिथल्या तरुणाला बंदुकीशिवाय दुसरी मजुरी मिळाली असती. प्रतिनिधीगृहात ते मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं, संपलं.

पैशाचा प्रवास कसा व्हायचा ते पाहा. वॉशिंग्टनमध्ये यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकी सरकारची संस्था, एका अमेरिकी कंपनीला किंवा संस्थेला कंत्राट देणार. ती इस्लामाबादेत किंवा पेशावरात कार्यालय थाटणार, पहारेकरी आणि चिलखती गाड्या घेणार. प्रत्यक्ष डोंगरात जाणार ते पोटकंत्राटदार आणि स्थानिक कर्मचारी, कारण अमेरिकी माणसाला तिथे पाय ठेवता येत नव्हता. कुठलं काम कुठल्या गावात व्हावं, यात पेशावरच्या फाटा सचिवालयाचा आणि पोलिटिकल एजंटचा शब्द चालणार. काम झालं की नाही हे फोटोवरून आणि तिसऱ्याच कुणाच्या अहवालावरून ठरणार. नोव्हेंबर २००८ मध्ये पेशावरमध्ये या कार्यक्रमावर काम करणाऱ्या एका अमेरिकी माणसाला गोळ्या घालून मारलं, तेव्हापासून जे थोडं फिरणं होतं तेही आटलं. २०१० च्या डिसेंबरमध्ये १५ कोटी डॉलरच्या उपजीविका प्रकल्पाचं काम सांभाळणाऱ्या वॉशिंग्टनच्या संस्थेवर यूएसएडने गैरव्यवहाराच्या तपासानंतर बंदी घातली.

यूएसएडच्या प्रत्येक कामावर 'अमेरिकी जनतेकडून' अशी पाटी लागायची, तसा नियमच होता. फाटात त्याला सूट द्यावी लागली, कारण पाटी लावली तर शाळा उडवली जाईल आणि मास्तर मारला जाईल. सूट योग्यच होती. पण परिणाम असा झाला की मने जिंकायला आलेल्या पैशाला स्वतःचं नाव सांगता येईना. श्रेय गेलं सचिवालयाला, म्हणजे ज्या व्यवस्थेला लोक कंटाळले होते तिलाच.

गोमल झम धरणाची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. दक्षिण वझिरिस्तानात गोमल नदीच्या अरुंद घळईत १३३ मीटर उंचीचं हे धरण. कल्पना अनेक दशकं जुनी, काम चिनी कंपन्यांनी २००२ च्या सुमारास सुरू केलं. ऑक्टोबर २००४ मध्ये ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगातून सुटून आलेल्या अब्दुल्ला मेहसूदच्या माणसांनी दोन चिनी अभियंते पळवले. सोडवणुकीच्या कारवाईत एक दगावला. काम थांबलं. पुढे ते रखडत पुन्हा सुरू झालं आणि २०११ मध्ये अमेरिकेने ते पुरं करायला ४ कोटी डॉलर दिले. २०१२ मध्ये धरणाचे पाकिस्तानी कर्मचारीच तालिबानने पळवले. तरीही २०१३ मध्ये १७.४ मेगावॅटचं वीजघर सुरू झालं. कालव्यांसाठी नंतर आणखी पैसे मिळाले. अभियांत्रिकी म्हणून हे कौतुकाचंच. पण नकाशा उघडून पाहा. धरण वझिरिस्तानच्या डोंगरात आहे आणि कालव्यांचं पाणी जातं खालच्या टँक आणि डेरा इस्माईल खान या सपाट जिल्ह्यांना. धरण पुरं होत होतं तेव्हा वरच्या डोंगरातले मेहसूद लष्कराच्या २००९ च्या 'राह-ए-निजात' मोहिमेत घरंदारं सोडून याच टँक आणि डेरा इस्माईल खानात निर्वासित म्हणून राहत होते. त्यांच्या डोंगरातलं पाणी त्यांना तिथेच दिसलं, दुसऱ्याच्या शेतात. धरणग्रस्तांचे प्रश्न ज्याने कोयना-उजनीच्या परिसरात ऐकलेत त्याला यात नवं काही वाटणार नाही. फक्त इथे मोर्चा काढायलाही कायदा नव्हता.

दक्षिण वझिरिस्तानात अमेरिकी पैशाने रस्तेही झाले, चांगले झाले. बांधले ते लष्कराच्याच 'फ्रंटियर वर्क्स ऑर्गनायझेशन'ने. दुसरं कुणी तिथे जाऊन बांधूच शकलं नसतं, हे मान्य. पण म्हणजे १ टक्क्याचे पुढे जे काही टक्के झाले, त्यातलाही वाटा फिरून त्याच दारात गेला.

सुरक्षेची दुसरी बाजू म्हणजे फ्रंटियर कोअरचं प्रशिक्षण. २००८ पासून अमेरिकी विशेष दलांचे थोडे प्रशिक्षक गाजावाजा न करता इथे आले. चपलेवर उभ्या असलेल्या जवानाला बूट, चिलखत आणि लढण्याचं कसब देणं, ही मला या साऱ्या खटाटोपातली शहाणी गोष्ट वाटते. ३ फेब्रुवारी २०१० ला, टोळीप्रदेशाच्या शेजारच्या लोअर दीर जिल्ह्यात, अशाच प्रशिक्षकांचा ताफा पुन्हा बांधलेल्या मुलींच्या शाळेच्या उद्घाटनाला निघाला होता. स्फोटात तीन अमेरिकी सैनिक मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर शाळकरी मुलीही. अमेरिकी सैनिक पाकिस्तानात आहेत, हे अनेकांना त्या दिवशी कळलं.

वरून ड्रोन चालूच होते. २०१० मध्ये शंभराहून अधिक हल्ले झाले. बैतुल्लाह मेहसूद २००९ मध्ये आणि त्याच्यामागून आलेला हकीमुल्लाह २०१३ मध्ये ड्रोननेच मारला गेला, आणि अल कायदाचे अनेक मोठे लोकही, हे नाकारून चालणार नाही. पण १७ मार्च २०११ चा दत्ता खेलचा हल्ला वेगळा होता. क्रोमाइटच्या खाणीवरून दोन गटांत वाद होता, तो मिटवायला भरदिवसा उघड्यावर जिरगा बसली होती. मलिक होते, सरकारी पगारावरचे खस्सादार होते. जवळच्या लष्करी चौकीला आधी कळवलं होतं, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. चाळीसच्या आसपास माणसं मेली. एकीकडे अमेरिकी विकासनिधी 'स्थानिक संस्था बळकट करा' म्हणून खर्च होत होता, दुसरीकडे उरलीसुरली स्थानिक संस्था बसल्या जागी संपली. या दोन हातांची गाठ कधी पडतच नव्हती. २०११ मध्ये लाहोरातून पळवलेला एक अमेरिकी विकास सल्लागार जानेवारी २०१५ मध्ये सीमाभागात अमेरिकेच्याच ड्रोन हल्ल्यात मारला गेला. आत ओलीस आहे हे माहीत नव्हतं, असं अमेरिकेने एप्रिलमध्ये कबूल केलं.

लसीकरणाचं प्रकरण याच जातीचं. बिन लादेनचा माग काढायला सीआयएने अ‍ॅबटाबादमध्ये खैबर एजन्सीतल्या एका सरकारी डॉक्टरला हाताशी धरून हेपटायटीस लसीची बनावट मोहीम चालवली. ते उघड झाल्यावर जून २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानचा कमांडर हाफिज गुल बहादूर याने फर्मान काढलं, ड्रोन थांबेपर्यंत पोलिओचा डोस नाही. २०१४ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ३०६ रुग्ण सापडले, अर्ध्याहून अधिक फाटातले. त्या वर्षी व्हाइट हाउसने लेखी सांगितलं, की सीआयए यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही. तोवर डोस पाजायला जाणाऱ्या कित्येक बाया मारल्या गेल्या होत्या. आणि त्या डॉक्टरला ३३ वर्षांची शिक्षा कुठल्या कायद्याखाली झाली? त्याच १९०१ च्या. वकील नाही, दलील नाही. अपीलाचा रस्ता नुकता कुठे उघडला होता, तोही त्याला अनेक वर्षं रखडत घेऊन गेला.

२०११ मध्ये दोन्ही देशांचं फाटलं. मेमध्ये अमेरिकी कमांडोंनी अ‍ॅबटाबादमध्ये बिन लादेनला मारलं, प्रशिक्षकांना परत पाठवलं गेलं, जुलैत अमेरिकेने ८० कोटी डॉलरची लष्करी मदत रोखली. नोव्हेंबरमध्ये मोहमंदमधल्या सलाला चौकीवर नाटोच्या हवाई हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेले आणि पाकिस्तानने ट्रक खरोखरच थांबवले, सात महिने. जानेवारी २०१८ मध्ये ट्रम्प यांनी सुरक्षा मदत गोठवली.

मधल्या काळात, जून २०१४ मध्ये, लष्कराने अखेर उत्तर वझिरिस्तानात 'झर्ब-ए-अज्ब' मोहीम काढली. दहा लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली, बरीचशी रखरखत्या उन्हाळ्यात बन्नूकडे. मीरानशाहचा बाजार जमीनदोस्त झाला. परतल्यावर पूर्ण पडलेल्या घराला ४ लाख पाकिस्तानी रुपये, अर्धवट पडलेल्याला १ लाख ६० हजार अशी भरपाई ठरली. घर पूर्ण पडलं की अर्धवट, हे ठरवणार अर्थातच पाहणी करणारा अधिकारी.

मे २०१८ मध्ये २५ वी घटनादुरुस्ती झाली, फाटा खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला, १९०१ चा कायदा गेला. एजन्सीचे जिल्हे झाले, खस्सादार पोलिसांत आले, जुलै २०१९ मध्ये पहिल्यांदा प्रांतिक विधानसभेसाठी मतदान झालं. त्याच सुमाराला मंजूर पश्तीन यांच्याभोवती पश्तून तहफ्फुज (म्हणजे पठाणांच्या संरक्षणाची) चळवळ उभी राहिली. त्यांच्या मागण्या पाहिल्या तर त्यात ना धरण आहे ना कालवा. शेतातले भूसुरुंग काढा, बेपत्ता माणसं न्यायालयापुढे आणा, नाक्यांवरचा अपमान थांबवा. या मागण्यांना लष्कराने देशद्रोहाच्या नजरेने पाहिलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये चळवळीवर बंदी आली.

विलीनीकरणाच्या वेळी केंद्र आणि प्रांतांत वाटल्या जाणाऱ्या महसुलातून ३ टक्के या जिल्ह्यांना, दहा वर्षं दरसाल १०० अब्ज रुपये, असं ठरलं होतं. तो वाटा द्यायला इतर प्रांत राजी झाले नाहीत. २०२१ मध्ये तालिबान काबूलला परतल्यावर टीटीपी पुन्हा बळावली, सीमेवर कुंपण असूनही. यूएसएडचं काम जुलै २०२५ मध्ये बंद झालं.

आता न्यायालयं आहेत. २०११ च्या एका नियमावलीखाली लष्कर लोकांना 'अंतर्वास केंद्रां'त खटल्याविना ठेवू शकत होतं. विलीनीकरणानंतर २०१९ मध्ये वटहुकुमाने ते अधिकार साऱ्या प्रांताला लागू केले गेले. याचिका पेशावर उच्च न्यायालयात गेली, २०१८ पर्यंत या लोकांसाठी बंद असलेल्या दारात. १७ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने तो वटहुकूम घटनाबाह्य ठरवला आणि केंद्रं पोलिसांच्या ताब्यात द्यायला सांगितलं. आठवड्याभरातच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.